फोनवरची खबर आणि ग्रामसभेची वही

(ग्रामसभा प्रतिनिधींच्या तालुका मेळाव्यात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे, थोडे नीट लावून.)



आधी एक हात वर करायचं काम. इथे किती जणांचा जन्म कागदावर 1 जूनचा नाहीतर 1 जुलैचा आहे? (निम्म्याहून जास्त हात वर.) पाहा. एवढी माणसं काय एकाच दिवशी जन्मली? पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या आयांनी मिळून ठरवलं होतं काय? आपल्याला माहीत आहे कसं झालं ते. शाळेत घालायला बाप घेऊन गेला, गुरुजींनी विचारलं जन्मतारीख, बाप म्हणाला, मोह फुलत होता तेव्हा. गुरुजींच्या वहीत मोहफुलाचा रकाना नव्हता. त्यांनी 1 जून लिहून टाकलं. आता तीच तारीख नोकरीच्या अर्जावर, तीच म्हाताऱ्याच्या निराधार पगाराच्या कागदावर. कोणी दहा वर्षांनी म्हातारं झालं, कोणी पाच वर्षांनी जवान.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हसून सोडायची नाही. आज जमिनीच्या मेळाव्यात आम्ही जन्म-मरणाचं काहून काढलं, असं काही जण म्हणतील. जमिनीचंच बोलतो आहोत. थोडं ऐका.

वनहक्काचा कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमिनीवर कसत होता त्याचा हक्क मान्य करायचा, असं त्यात आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. विकता येत नाही, पण वारसाला जातो. दावे भरले त्याला आता किती तरी वर्षं झाली. ज्यांनी भरले त्यातली किती तरी सियान माणसं गेली. आमच्या भागातल्या एका गावात असंच झालं. दाव्यावर अंगठा लावलेला म्हातारा वारला, मागे बायको आणि दोन पोरं. पट्टा आला तो मेलेल्या माणसाच्या नावाने आला. पोरं वारसाची नोंद करायला गेली तं साहेब म्हणतात, मृत्यूचा दाखला आणा. दाखला नाही. म्हातारा मेला हे सगळ्या गावाला माहीत, त्याच्या नावाचा दगड गावाबाहेर उभा आहे, पण पंचायतीच्या रजिस्टरात म्हातारा जिवंत आहे. आणि त्याच वेळी दुसरा कर्मचारी सांगतो की पट्टेदार जमिनीवर दिसत नाही, जमीन पडीक आहे. एका टेबलावर तो मेलेला नाही, दुसऱ्या टेबलावर तो हजर नाही. मधल्या मधे बाई उपाशी. विधवेला संजय गांधी निराधारचा पैसा पाहिजे असला तरी नवऱ्याच्या मरणाचा दाखलाच लागतो.

तं जन्म आणि मरण हे आपल्या हक्काच्या कागदाचे दोन खुंट आहेत. ते रोवलेले नसले तर मधली दोरी कशी ताणणार?

आता मागचं थोडं. सियान लोकांना आठवत असेल, गावचा कोतवाल जन्म-मरणाची खबर घेऊन ठाण्यात जायचा. आपला हा मुलूख आधी मध्यप्रांतात होता, तेव्हाची ती रीत. कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाच्या घरी, कोणत्या जातीचं, हे तो सांगायचा आणि तिथे लिहिलं जायचं. त्यालाच आपण कोतवाल बुक, कोतवाल पंजी म्हणतो. इंग्रज सरकारने हे आपल्या भल्यासाठी केलं नव्हतं. पटकी-देवीची साथ कुठे चालली हे त्यांना पाहिजे होतं. पण झालं काय? आज जात पडताळणीच्या समितीपुढे उभं राहिलं की 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. त्या वेळी आपल्या आज्याकडे ना शाळेचा दाखला, ना सातबारा. अशा वेळी चंद्रपूर-गडचिरोलीच्या किती तरी पोरांना त्या कोतवाल बुकाच्या नकलेने तारलं आहे. आज्याच्या जन्माची एक ओळ, पुढे जातीच्या रकान्यात गोंड, नाहीतर माडिया. त्या एका ओळीवर नातू नोकरीला लागला. आणि जिथे कोतवालाची खबर ठाण्यापर्यंत गेलीच नाही, किंवा ज्याचं पान वाळवीने खाल्लं, तो नातू आजही आप्तभावाच्या प्रश्नांची उत्तरं देत बसला आहे. तुमचा देव कोणता, तुमचं कूळ कोणतं, लग्नात काय करता. आपल्याला आपलेपणाची परीक्षा द्यावी लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, आपण आज जी नोंद करू ती आपल्या नातवासाठी कोतवाल बुक आहे.

आता कायदा काय आहे ते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. गावात ग्रामसेवक हाच निबंधक. जन्म असो का मरण, 21 दिवसांच्या आत त्याला खबर द्यायची, नोंद फुकट आणि नोंदीचा पहिला दाखलाही फुकट. 2023 च्या दुरुस्तीआधी 21 दिवस उलटले तर 30 दिवसांपर्यंत 2 रुपये विलंब फी होती. त्यापुढे वर्षापर्यंत 5 रुपये, पण सोबत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि प्रतिज्ञापत्र लागायचं. वर्ष उलटलं की तेव्हा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागायचा. फी 10 रुपयेच होती, पण कोर्टापर्यंतची एसटी, वकील, साक्षीदाराचं जेवण, दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी हे धरलं तर त्या दहा रुपयांत एक बोकड जायचा. आपण फुकटची वेळ सोडतो आणि बोकडाची वेळ धरतो.

याच कायद्यात तीन गोष्टी आहेत, त्या आपल्याला कोणी सांगत नाही. एक, खबर तोंडी दिली तरी चालते, लेखीच पाहिजे असं नाही. तोंडी सांगितलं तर फॉर्म ग्रामसेवकाने भरायचा आणि सांगणाऱ्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. दुसरी, निबंधकाने नुसतं कोणी येईल म्हणून वाट पाहत बसायचं नाही. आपल्या हद्दीत कोण जन्मलं, कोण मेलं याची माहिती त्याने स्वतः काढली पाहिजे, हे त्याचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. तिसरी, तो कोणत्या दिवशी, किती वाजता भेटेल याची पाटी लोकांच्या भाषेत लावायची. तुमच्या पंचायतीत अशी पाटी कोणी पाहिली आहे? (कोणीच नाही.) बरं. कामचुकार निबंधकाला दंडही आहे, 2023 च्या दुरुस्तीआधी तो 50 रुपयांपर्यंत होता. सन 1969 चे पन्नास रुपये होते ते, तोवर वाढले नव्हते.

1969 च्या मूळ कायद्यातली एक गोष्ट मात्र आम्हाला पटत नाही. घरी बाळंतपण झालं तर खबर कोणी द्यायची? घरच्या कर्त्याने. तो नसला तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाने. तोही नसला तर घरात हजर असलेल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने. आता सांगा आयांनो, बाळंतपणाच्या वेळी पुरुष कुठे असतो? तो बाहेर चिलीम ओढत असतो. काय झालं, कधी झालं, लेकरू रडलं का नाही, हे सुईणीला आणि सासूला माहीत. दाईनेही निबंधकाला कळवायचं आहे असं कायद्यात दुसऱ्या ठिकाणी आहे, पण दाईला आजवर कोणी विचारलं नाही.

इथे फोनची गोष्ट येते.

आपल्या गावांपासून पंचायत किती लांब आहे ते शहरातल्या माणसाला समजत नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा, तिकडे चंद्रपूरच्या बाजूला जिवतीचे कोलामगुडे. एका पंचायतीत आठ-दहा गावं-टोले. पावसाळ्यात पर्लकोटा भरली की भामरागड जगापासून तुटतं. 21 दिवस म्हणजे शहरात खूप झाले, आपल्याकडे एका पुरात निघून जातात. पायाने जाऊन, ग्रामसेवक नाही म्हणून परत येऊन, पुन्हा जाऊन जी खबर देता येत नाही ती फोनवरून दोन मिनिटांत जाते. टॉवर सगळीकडे नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण प्रत्येक गावाला आपली ती टेकडी, तो दगड, तो मोहाचा झाड माहीत आहे जिथे उभं राहिलं की दोन कांड्या येतात. पोट्ट्यांना तर नक्कीच माहीत आहे, गाणी तिथूनच उतरवतात.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे, आपल्यासारखाच खेड्यांचा. तिथे 2011 पासून जन्माची खबर गावातून साध्या फोनवर आकडे दाबून पाठवायला सुरुवात झाली, मोठा फोन लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हतं. पाठवणारा गावातलाच नेमलेला माणूस असायचा. युनिसेफने 2013 च्या डिसेंबरात सांगितलं की तेव्हा जगात पाच वर्षांखालची 23 कोटी लेकरं अशी होती ज्यांचा जन्म कुठेच लिहिलेला नव्हता. म्हणजे आपण एकटे नाही.

आणि लांब कशाला, इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरात पाहा. 2010 पासून तिथे सीजीनेट स्वरा नावाचं काम चालू आहे. माणूस फोन लावतो आणि आपल्या गावाची गोष्ट आपल्या तोंडाने सांगतो, गोंडीतसुद्धा. हातपंप बंद आहे, गुरुजी येत नाही, रोजगार हमीचा पैसा आला नाही. ते ऐकून लोक साहेबाला फोन करतात. लिहिता येत नाही म्हणून कोणी अडत नाही. आपल्या आयांना लिहिता येत नाही, बोलता येतं. आम्हाला त्यातलं हे सगळ्यात जास्त आवडलं.

आपल्याकडेही सरकारने फोनचं काम सुरू केलं आहे, नाही असं नाही. गरोदर बाईचं आणि लेकराचं नाव संगणकात चढवतात, त्यात नर्सबाईचा, आशाताईचा फोन नंबर असतो. पण ते आरोग्य खात्याचं. तिथे नाव चढलं म्हणजे जन्माचा दाखला मिळाला असं नाही. आशाताईच्या वहीत लेकरू आहे, अंगणवाडीच्या वहीत आहे, ग्रामसेवकाच्या रजिस्टरात नाही, असं आम्ही गावोगाव पाहिलं. तीन वह्या, तीन खाती. जोडणारा कोणी नाही.

आता जरा जड गोष्ट बोलतो. मेलेल्या लेकरांची.

आपल्या जिल्ह्यात धानोरा रोडवर शोधग्राम आहे, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था. 1986 पासून त्यांचं काम. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर गावागावात माणूस ठेवून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण लिहिलं. 1988 च्या सुमाराला हजार लेकरांमागे 121 लेकरं वर्षाच्या आत मरत होती, हे त्या मोजणीतून समजलं. मोजलं म्हणून समजलं की सगळ्यात जास्त लेकरं पहिल्या महिन्यात जातात. मग गावातल्याच बाईला शिकवून घरीच लेकराची काळजी घ्यायची पद्धत त्यांनी 39 गावांत केली, आणि एका महिन्याच्या आतले मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. आज आशाताई घरी येऊन लेकराचं वजन करते, ताप पाहते, ती पद्धत इथून निघाली. पुढे महाराष्ट्रातल्या 13 संस्थांनी मिळून अशीच मोजणी केली. 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होतात असा त्यांचा अंदाज निघाला, आणि सरकारी कागदावरचा आकडा त्यापेक्षा फार कमी होता.

बाकीची लेकरं कुठे गेली? कोणी नेली नाहीत, लिहिलीच नाहीत. लिहिलं की वरून विचारणा होते, नर्सबाईला नोटीस, आशाताईला बोलणी. म्हणून खालचा माणूस दडवतो. त्यातली एक युक्ती सगळ्या आयांनी समजून घ्यावी. जे लेकरू जन्मून रडलं, श्वास घेतला आणि तासाभराने गेलं, त्याला ‘मेलेलंच जन्मलं’ असं लिहितात. मग ना जन्म, ना बालमृत्यू. कायदा असा नाही. एक श्वास जरी घेतला तरी ते जन्मलं. त्याची जन्माची एक नोंद आणि मरणाची दुसरी, अशा दोन नोंदी झाल्या पाहिजेत. पोटातच गेलेल्या लेकराचा फॉर्म वेगळा आहे. म्हणून खबर देताना पहिला शब्द हा सांगायचा, रडलं होतं का नाही.

काही सियान म्हणतात, एवढ्याशा लेकराचं काय लिहायचं, त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. नाव नसलं तरी जन्म लिहिता येतो, हे लक्षात ठेवा. नाव नंतर, बारा महिन्यांच्या आत फुकट घालता येतं. आपल्यात नाव लगेच ठेवत नाहीत, त्यामुळे लोक नाव ठेवेपर्यंत थांबतात आणि 21 दिवस जातात. थांबायचं नाही. ‘अमक्याची मुलगी’ एवढंच लिहून घ्या म्हणायचं.

ठिकाणाचाही घोळ होतो. जिथे घडलं तिथेच नोंद. बाई माहेरी बाळंत झाली तर माहेरच्या पंचायतीत. गडचिरोलीच्या दवाखान्यात झाली तर तिथल्या निबंधकाकडे, चंद्रपूरला नेलेला माणूस तिथे वारला तर चंद्रपूरला. गाडीत रस्त्यातच झालं तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबली ते ठिकाण धरतात, आणि खबर देणं गाडी नेणाऱ्याच्या अंगावर आहे. आपल्या पोरांचे दाखले कितीदा चुकीच्या पंचायतीत शोधले गेले, तोवर वर्ष उलटलं.

आता फोनबद्दल लोकांच्या मनात जे आहे ते उघड बोलू, कारण मागच्या बैठकीत ते कुजबुजत होतं. आपल्या भागात ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे दोन्हीकडून संशयाने पाहतात. हा कोणाला फोन करतो, टेकडीवर काहून गेला, कोणाची खबर देतो. हे खरं आहे आणि यात माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. म्हणून आम्ही म्हणतो, हे काम एकट्या पोराच्या खांद्यावर टाकायचं नाही. फोन कोणाकडे राहील, तो कोणत्या नंबरवर लागेल, काय सांगेल, हे ग्रामसभेने ठराव करून सगळ्यांसमोर ठरवायचं आणि वहीत लिहायचं. सांगायचं फक्त घर, गाव, तारीख, जन्म का मरण. बाकी एक शब्द नाही. कोणी मारला गेला, कोणी पाण्यात वाहून गेला, फास घेतला, तिथे पोलिसांचा पंचनामा असतो. ती खबर या फोनवरून द्यायची नाही, ते ग्रामसभेचे चार सियान मिळून पाहतील. फोनवाल्या पोराला त्यात ओढायचं नाही म्हणजे नाही.

फोन बाईच्या हातात असावा असं आमचं मत आहे. सुईण, नाहीतर बचतगटातली कोणी. मागच्या वेळी एक दादा म्हणाले, बाईला फोन दिला तर ती दिवसभर माहेरी बोलेल. बोलू द्या. आपण दिवसभर काय करतो ते आपल्यालाही माहीत आहे.

नुसत्या फोनवर भरवसा ठेवायचा नाही, हे आम्ही स्वतः पाहिलं. एका पंचायतीत मागच्या पावसाळ्यात फोनवरून खबर गेली, पलीकडून ‘हो हो लिहितो’ झालं, आणि दिवाळीला गेलो तर रजिस्टर कोरं. तोंडी खबर दिल्याचा पुरावा काय? काहीच नाही. म्हणून ग्रामसभेची स्वतःची वही पाहिजे. फोन केला की त्याच दिवशी वहीत ओळ लिहायची, किती तारखेला, कोणी, कोणाला कळवलं. फोन उचलला नाही तर मेसेज टाकायचा आणि तो पुसायचा नाही. मराठी अक्षर पलीकडच्या फोनवर डब्बे होऊन जातात, तेव्हा तारीख आकड्यातच टाका. त्यानंतर जो कोणी बाजाराला जाईल त्याने सांगणाऱ्या माणसाला सोबत घेऊन पंचायतीत सही-अंगठा करून यायचा आणि दाखला मागायचा. फोनची खबर म्हणजे नोंद नव्हे, पण ग्रामसेवकाला मला कळलंच नाही असं म्हणता येत नाही. उद्या उशिराची नोंद करायची वेळ आली तरी तारखेचा वाद राहत नाही.

2014 च्या मार्चमध्ये आपल्या राज्याचे पेसाचे नियम आले. त्यात टोल्याचीसुद्धा स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला, तेव्हाही लोक म्हणत होते की बांबूचा हिशेब आदिवासी ठेवतील काय. ठेवला. बांबूची मोळी मोजता येते तर घरातलं माणूस मोजता येणार नाही काय?

दर सहा महिन्यांनी ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचायची आणि त्याच बैठकीला ग्रामसेवकाला रजिस्टर घेऊन बोलवायचं. आपली ओळ, त्यांची ओळ, शेजारी शेजारी. जी नाही ती तिथेच भरून घ्यायची. आशाताईलाही बोलवा, पण तिला धारेवर धरायला नाही. लेकरू गेल्याचं तिने खरं सांगितलं तर ग्रामसभा तिच्या पाठीशी आहे असा ठराव आधी करा, मग विचारा. तापाने किती गेले, साप चावून किती, गाडी वेळेवर आली नाही म्हणून किती, हेही त्या वाचनात निघेल. एकाच टोल्यात एका पावसाळ्यात तापाची तीन मरणं लिहिलेली असली तं मलेरियाची फवारणी मागायला आपल्या हातात कागद राहील.

वह्या संघटनेने आणल्या आहेत, रेघा मारून. मंडपाच्या मागे ठेवल्या आहेत, प्रत्येक ग्रामसभेला एक. पहिल्या पानावर मागच्या वर्षभरातले जन्म आणि मरणं लिहायची, वर्ष भरायच्या आत आहेत तोवर ती थोडक्यात होतात. दाव्यावर अंगठा आहे आणि माणूस गेला, अशी नावं शेवटच्या पानावर वेगळी लिहा, त्यांचे वारसाचे अर्ज आम्ही एकत्र करणार आहोत. पंचायतीच्या फोनचा नंबर आपापल्या ग्रामसेवकाकडून घ्या, आणि पाटी लावली का तेही पाहून या. पुढची बैठक तेंदूपत्त्याचा हिशेब झाल्यावर. येताना वही आणा, भरलेली.

जय सेवा. जोहार.